दिवाळीच्या सुट्टीत पाच टीनएजर घरी : कुठले बोर्ड गेम, कुठले पत्ते?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

दिवाळीत नणंदेची दोन मुलं नागपूरहून येणार आहेत, १६ आणि १७ वर्षांची. माझा मुलगा १५, लेक १३, आणि लेकीची शेजारची मैत्रीण १४ ची, जी झोपण्यापुरती स्वतःच्या घरी जाते. शिवाय सासरे. ते 'मलाही घ्या' असं कधी म्हणत नाहीत, पण खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि दुसऱ्याची पानं बघून खाकरतात.

घरात लुडो, सापशिडी, व्यापार (निम्म्या नोटा गायब), उनो आणि कॅरम (स्ट्रायकर हरवलाय) एवढं आहे. मे महिन्यात व्यापार काढला होता. धाकटीचं दिवाळं पहिल्यांदा निघालं, ती मोबाईल घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. मग एकेक जण गळत गेला. शेवटी मोठा विचारतो, 'आई, मीच जिंकलो असं समजूया का?' तेव्हापासून आमच्याकडे बोर्ड गेमला बोअर गेम म्हणतात.

बजेट दोन-अडीच हजार. नेटवर शोधलं तर ढीगभर नावं आली आणि डोकं गरगरलं. खोक्यावर '८ प्लस', '१४ प्लस' लिहितात, ते बघून घ्यायचं का? 'मेंदूचा विकास' वगैरे लिहिलेलं काही सुचवू नका प्लीज, ते खोकं मुलं हातसुद्धा लावणार नाहीत.

सदानंद_क

पत्त्यांच्या नादी लावण्यापेक्षा बुद्धिबळ शिकवा. नागपूरचीच दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली, वय अवघं १९. भाचे तिथलेच, त्यांना अभिमान वाटेल. पट दोन-तीनशे रुपयांत येतो. बाकी सगळा वेळेचा अपव्यय.

इस्पिकची_राणी

सदानंदजी, दिव्याचं कौतुक आम्हालाही आहे हो. पण पाच पोरं आणि एक पट म्हटल्यावर दोघं खेळणार, तिघं बघणार, आणि त्या तिघांच्या हातात दुसऱ्या मिनिटाला काय असेल ते तुम्हालाही माहीत आहे.

मुग्धाताई, सगळ्यात आधी एक करा : काही विकत घेऊ नका. निदान मुलं येऊन दोन दिवस होईपर्यंत तरी. कोपऱ्यावरच्या दुकानातून पत्त्यांचे दोन कॅट आणा, प्लास्टिकचे मिळाले तर उत्तम, आणि एक वही-पेन. पुढची खरेदी त्या वहीवरून ठरवायची. कशी, ते सांगते.

आमच्याकडे सांगलीला दर सुट्टीत दिरा-नणंदांची मिळून सहा-सात कार्टी जमतात. मी त्यांना खेळवत नाही, त्यांच्यात खेळते. आणि जिंकायला खेळते. मुद्दाम हरणारी मोठी माणसं या वयाला लगेच कळतात आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.

खोक्यावरचं वय सोडून द्या. तेरा वर्षांच्या मुलीला जे झेपत नाही असं घरगुती खेळांत फारसं काही नसतं. मी खोकं हातात घेतलं की आधी खेळाडूंचा आकडा बघते. तुमच्याकडे पाच अधिक आजोबा, म्हणजे सहा. एवढ्यानेच निम्मी नावं गळतात. सगळे ज्याची शिफारस करतात तो 'कॅटन' मूळ खोक्यात तीन-चार जणांचाच आहे. पाच-सहांसाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, म्हणजे दुप्पट खर्च. 'पॅन्डेमिक' चौघांचा. 'तिकीट टू राईड' पाचांपर्यंत जातो, पण मग आजोबांनी काय करायचं, खाकरत बसायचं?

त्यानंतर बघायचं, आपली पाळी येईपर्यंत माणूस नुसता किती वेळ बसतो, आणि हरलेला माणूस डाव संपेपर्यंत जातो कुठे. तुमचा व्यापार इथेच मेला. त्यात धाकटीचा काही दोष नाही. ज्या खेळात पहिला गडी बाद झाल्यावर उरलेले तासभर खेळत राहतात, तो खेळ पाहुण्यांच्या घोळक्यात काढूच नये. व्यापार ज्यावरून आला त्या मूळ मोनोपॉलीच्या नियमांत तर असं आहे की एखाद्याने जागा घेतली नाही तर तिचा तिथेच लिलाव करायचा. त्यामुळे जागा भराभर खपतात आणि खेळ आटोपतो. घराघरांत हा नियम कुणी पाळत नाही, वर दंडाचे पैसे पटाच्या मधे साठवून कुणाला तरी बक्षीस देतात. मग काय, दिवाळं निघता निघत नाही.

तर पहिल्या संध्याकाळी जजमेंट लावा. मुंबईकडे याला काचुफूल म्हणतात : काळी, चौकट, फुल्ली, लाल, या क्रमाने दर डावाला हुकूम बदलत जातो. सहा जणांना आठ-आठ पानं वाटा, पुढच्या डावाला सात, मग सहा, असं एकापर्यंत उतरत या. पानं बघून प्रत्येकाने आपण किती हात करणार (फेरीतली सगळी पानं जिंकली की एक हात) ते आधी बोलायचं आणि वहीत लिहायचं. बोललात तेवढेच झाले तर दहा अधिक तो आकडा, एक कमी पडला किंवा एक जास्त झाला तरी भोपळा. गंमत शेवटच्या गड्याची आहे. सगळ्यांची बेरीज वाटलेल्या पानांएवढी होईल असा आकडा त्याला बोलता येत नाही. म्हणजे प्रत्येक डावात कुणीतरी पडणारच, हे नियमातच लिहून ठेवलंय. आमच्या घरची १४ वर्षांची एक कन्या सातवी पाळी येईपर्यंत 'शून्य' बोलून सगळ्यांच्या पुढे होती. मग बाकीच्यांनी कट करून तिच्या गळ्यात एक हात मारला. किलवरच्या चव्वीवर! तिने ती चव्वी अजून जपून ठेवलीय आणि आमचा कॅट एकावन्न पानांचा झालाय.

दुसऱ्या दिवशी चॅलेंज. पानं पालथी टाकत 'तीन राण्या', 'अजून एक राणी' म्हणत थापा मारायच्या, पकडला गेला की गठ्ठा उचलायचा. नियम सांगायला दोन मिनिटं लागतात. नंतर जमलंच तर आजोबांना घेऊन मेंढीकोट, म्हणजे दश्श्या पकडायचा डाव. सहा जण असाल तर दुर्र्या काढून टाका, ४८ पानं उरतात, प्रत्येकी आठ. एकाआड एक भिडू बसवायचे, तीन विरुद्ध तीन. आजोबांना दोन्ही भाचे भिडू द्या आणि बघा, खाकरणं बंद होतं की नाही.

या दोन दिवसांत तुम्ही फक्त बघायचं, कोण कशात रंगतंय. चॅलेंजमध्ये सगळी पोरं ओरडायला लागली तर 'कू' घ्या. छोटंसं खोकं, सहा जणांपर्यंत. पाच पात्रांची प्रत्येकी तीन, अशी पंधराच पानं त्यात आहेत. प्रत्येकाला दोन पालथी मिळतात आणि 'मी ड्यूक आहे, तीन नाणी घेतो' असं हातात ड्यूक नसताना बिनदिक्कत सांगायचं. कुणी हटकलं आणि थाप निघाली तर एक पान गेलं. यातही माणूस बाद होतो, पण अख्खा डाव पंधरा-वीस मिनिटांचा, त्यामुळे बाद झालेला उठून जात नाही, 'पुढच्या डावात बघतो तुला' म्हणत तिथेच बसतो.

हात मोजणं, हुकूम जपून ठेवणं हे ज्यांना जमलं त्यांच्यासाठी 'द क्रू'. मेंढीकोट खेळणाऱ्या घराला हा खेळ शिकवावाच लागत नाही. चार रंग, एक ते नऊ, आणि चार रॉकेटं म्हणजे हुकूम. फरक एवढाच की सगळे एका बाजूला. कुणी कुठलं पान जिंकायचं ते आधी ठरतं आणि मग बोलायची बंदी. ती बंदी पाळताना १७ वर्षांचा मुलगा भुवया उडवून उडवून दमतो. हा पाचांपर्यंत आहे, म्हणजे आजोबा दुपारी झोपल्यावर काढायचा.

आणि सगळी नुसती गप्पाच मारत असतील, पत्त्यांत लक्षच नसेल, तर 'कोडनेम्स'. तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती हीच. दोन गट, टेबलावर पंचवीस शब्द, आपले शब्द कुठले ते फक्त दोन्ही कप्तानांना माहीत. कप्तानाने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. त्या पंचविसात एक शब्द मारेकरी असतो, त्याला बोट लावलं की गट तिथेच हरला. सहा, आठ, दहा, कितीही माणसं बसवा.

मूळ खोक्यातले शब्द इंग्रजी आहेत आणि बरेचसे आपल्याकडच्या पोरांच्या बोलण्यातले नाहीत. म्हणून आम्ही प्रेसवाल्याकडून कोऱ्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणला आणि पोरांनाच मराठी शब्द लिहायला बसवलं. अट एकच, शब्दाला शक्यतो दोन अर्थ हवेत. पान, हार, कर, माळ, तार, बोट, चाल. एक अख्खी दुपार त्यातच गेली, बोनस! नंतरच्या डावात पुतण्या कप्तान होता. 'फणस', 'बोट' आणि 'भूत' हे तिन्ही त्याचे. त्याने 'कोकण, तीन' म्हणून सोडलं. फणस लगेच. बोट लगेच. तिसऱ्यावर जुंपली. धाकटी म्हणे भूत, तिचा दादा म्हणे सुपारी, कोकणात सुपारीच्या बागा नसतात का? कप्तानाने चेहरा मख्ख ठेवायचा असतो, हा पठ्ठ्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसला. सुपारी हाच मारेकरी होता. दादाने सुपारीला बोट लावलं. त्या दिवशी जेवायच्या ताटावरसुद्धा 'तू सुपारी घेतलीस' एवढंच ऐकू येत होतं.

आता महत्त्वाचं. नियमांचं पुस्तक तुम्ही वाचू नका. मोठ्या भाच्याच्या हातात द्या आणि 'मला काही कळलं नाही बाबा, तूच सांग' म्हणून स्वयंपाकघरात जा. आईने समजावलेला खेळ हा क्लासचा तास असतो. दादाने समजावला तर तो खेळ असतो.

राईनकाठची

इथे जर्मनीत 'श्पील डेस यारेस' म्हणून वर्षाच्या उत्तम खेळाचा पुरस्कार असतो, १९७९ पासून. खोक्यावर लाल सोंगटीचा शिक्का दिसला की समजायचं, घरातले सगळे मिळून खेळू शकतील. कोडनेम्सला तो २०१६ चा मिळालाय. काळसर सोंगटी असेल तर तो थोडा वरच्या इयत्तेचा खेळ. द क्रूला २०२० मध्ये ती मिळाली. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी दुकानात गोंधळ होत नाही.

राणीताईंच्या यादीत एक भर घालते : 'सेक्स निम्ट', म्हणजे 'सहावा उचलतो'. (जर्मनमध्ये सहाला सेक्स म्हणतात, पोरं नाव ऐकूनच खिदळतात, तो एक फायदा धरा.) १९९४ चा खेळ, दोघांपासून दहांपर्यंत चालतो. एक ते एकशे चार आकड्यांची नुसती पानं. प्रत्येकाला दहा, आणि टेबलावर चार रांगांची एकेक सुरुवात. सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पान पालथं काढायचं, एकदम उलटायचं, आणि लहान आकड्यापासून लावत जायचं : ज्या रांगेचं शेवटचं पान आपल्यापेक्षा लहान पण सगळ्यात जवळचं, त्या रांगेत. रांगेत सहावं पान ज्याचं पडलं त्याने आधीची पाच उचलायची, आणि उचललेल्या पानांवरच्या बैलांच्या शिंगाळ्या डोक्यांएवढे दंडाचे गुण. चारही रांगांच्या शेवटापेक्षा लहान पान निघालं तर कुठलीही एक रांग गळ्यात घ्यायची. पाळीची वाट बघणं हा प्रकारच नाही, सगळे एकदम खेळतात.

तिकडे मिळाला नाही तर ताईंनी सांगितलेल्या कोऱ्या कार्डांवर आकडे लिहून होईल. शिंगं अशी : साधं पान १, पाचने संपणारं २, शून्याने संपणारं ३, अकरा-बावीस-तेहेतीस वगैरे जुळे आकडे ५, आणि पंचावन्न एकटं ७.

आईचा_आयडी

हाय. मी १६ चा आहे, ठाणे. आई हा धागा वाचत होती, तिला म्हटलं मला लिहू दे.

प्लीज 'चला, सगळ्यांनी मोबाईल या टोपलीत ठेवा' हे करू नका. आमच्याकडे पाहुण्यांसमोर केलं होतं. खेळ चांगला असेल तर मोबाईल आपोआप उलटा पडतो. नाही पडला तर खेळ बदला.

डाव चालू असताना 'अरे, ते पान टाकायचं होतं' हे मागून कुणी बोललं की मूड जातो, आजोबा असले तरी. त्यांना खेळायलाच घ्या, हे वर लिहिलंय ते बरोबर आहे.

कू बेस्ट आहे. आईला खोटं बोलताना पकडण्यासारखी मजा कशातच नाही. ती ड्यूक असली की शांत असते आणि नसली की जास्त एक्स्प्लेन करते. (आता ती हे वाचणार.)

पैसेच खर्च करायचे नसतील तर माफिया खेळा. आठ जण तरी लागतात, बिल्डिंगमधले बोलवा. चिठ्ठ्या टाकून दोन माफिया, एक डॉक्टर, एक पोलीस, बाकी गाववाले. रात्री सगळे डोळे मिटतात, माफिया एकाला उडवतात, सकाळी माफिया कोण यावरून सगळे भांडतात. लाईट गेल्यावर तर खतरनाक. १९८६ मध्ये मॉस्को युनिव्हर्सिटीतल्या एका स्टुडंटने हा बनवला, सायकॉलॉजीवाल्या. ज्याला खेळ सांगायचा असतो त्याने स्टोरी मस्त सांगितली पाहिजे, नाहीतर फ्लॉप.

आणि चिवडा वाटीत चमचा घालून द्या. पानांना तेल लागलं की पिसता येत नाहीत.

मुग्धा_डोंबिवली

अगं बाई, केवढं सांगितलंत सगळ्यांनी! 'आईचा आयडी', टोपली मी ऑलरेडी विकत आणली होती. आता तिच्यात पणत्या ठेवते.

राणीताई, दोन शंका. एक, ऑनलाइन कोडनेम्स वेगवेगळ्या किमतींना दिसतोय, एक तर इतका स्वस्त की संशय येतो. दोन, सासऱ्यांनी माझ्या मागे उभं राहून हा धागा वाचला आणि म्हणाले, 'तीनशे चार का नाही सांगितला कुणी?' त्यांना गुण आठवत नाहीयेत आणि ते मान्यही करत नाहीयेत. तेवढे लिहाल का?

इस्पिकची_राणी

स्वस्तातला घेऊ नका. नक्कल असते. पुठ्ठा पातळ, छपाई पुसट, आणि कुठलंसं पान मागून जरा वेगळ्या रंगाचं निघतं. पालथ्या पानांच्या खेळात ते एक पान अख्ख्या डावाची वाट लावतं. कू तर नकली घेतलात तर उपयोगच नाही, दुसऱ्या दिवशी पोरांना ड्यूक पाठमोरा ओळखता येतो. विक्रेत्याच्या पानावर लोकांनी टाकलेले फोटो बघा, आणि प्रकाशकाचं नाव खोक्यावर आहे का तेही. डोंबिवलीहून ठाण्या-दादरला जाणं होत असेल तर खेळण्यांच्या मोठ्या दुकानात हातात धरून बघा. भाषेची फारच अडचण वाटली तर कोडनेम्सची चित्रांची आवृत्तीही आहे, तिच्यात पंचवीसऐवजी वीस चित्रं मांडतात. मला स्वतःला शब्दांचीच आवडते. चित्रांत 'तू सुपारी घेतलीस' होत नाही.

तुमच्या बजेटात कोडनेम्स आणि कू मिळून बसायला हवेत. तिसरं काही घेऊ नका. सेक्स निम्टची पानं पोरांकडूनच करून घ्या, शिंगंसुद्धा तेच काढतील. माफियाला तर चिठ्ठ्याच. कॅरमला तेवढा नवा स्ट्रायकर आणा हो, घरात कॅरम असून स्ट्रायकर नाही म्हणजे काय!

आता आजोबांसाठी. माझ्या सासरी याच्यावाचून कोजागिरी होत नाही, म्हणून पाठ आहे. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. अठ्ठी आणि सत्तीला काही नाही. एका रंगाचे ७६ होतात, चार रंगांचे ३०४, म्हणून नाव. सत्तीच्या खालची पानं काढून टाकायची, ३२ उरतात, चौघांना आठ-आठ. आधी चार वाटून बोली, मग उरलेली चार. हुकूम पालथा ठेवायचा, गरज पडेपर्यंत दाखवायचा नाही. गुलामाखालोखाल नव्वी मोठी आणि राजा-राणी दश्शीच्याही खाली, हे पोरांच्या गळी उतरायला एक डाव जातो. त्या डावाचे गुण लिहू नका.

आमच्याकडे बोली १६० पासून सुरू होते, तुमच्याकडे वेगळी असेल; त्यावर आजोबा भांडतील, त्यांना जिंकू द्या, घर त्यांचं आहे. पण ३०४ चौघांचाच ठेवा. उरलेल्या दोघांना करंज्या भरायला बसवा आणि दर डावाला अदलाबदल करा.